थ्री नॉट थ्रीचं मॅगझीन अडकतंय? कानस लावायच्या आधी हे वाचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की शिरोळ तालुक्यातलं घर, आजोबांच्या काळापासूनची १९४३ सालची, इशापूरच्या कारखान्यातली थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एन्फिल्ड रायफल, लायसन्स आता रीतसर वडिलांच्या नावावर, २०१९ च्या महापुरात पेटी माळ्यावर होती पण ओल लागलीच, आणि २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुकांना रायफल पोलिसांत जमा करून परत आणल्यापासून मॅगझीन, म्हणजे काडतुसं भरायचा डबा, हिसडा दिल्याशिवाय निघत नाही आणि बसवताना खालनं तळव्यानं ठोकावं लागतं. सकाळी त्रास जास्त, दुपारी कमी. आजोबा कायम खोबरेल लावायचे, तेच तुम्ही पुढं चालू ठेवलंय. आणि कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या कारखान्यांतला ओळखीचा लेथवाला म्हणतोय की घेऊन या, बाजूनं जरा घासून मोकळं करून देतो.

घासू नका. बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण एवढं ऐका.

मी फौजेत आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो, २२ वर्षं हीच कामं केली, आता कोल्हापुरात एका लायसन्सवाल्या रिपेअरिंगच्या दुकानात आठवड्यातनं दोन दिवस बसतो. आपल्या जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत, तुमच्या शेजारचं सैनिक टाकळीच बघा की, त्यामुळं असल्या जुन्या रायफली आणि त्यांच्याबरोबर आलेल्या सवयी दोन्ही माझ्यासमोर येत असतात. रायफल हातात न घेता मी छातीठोक सांगू शकत नाही की तुमच्यात नेमकं काय झालंय, पण तुम्ही लिहिलंय त्यातली दोन वाक्यं फार कामाची आहेत, त्यावर येतो.

आधी प्रश्न नीट मांडूया, कारण "मॅगझीन अडकतंय" असं म्हणणाऱ्यांच्या तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात. एक, मॅगझीनचा डबाच रायफलीत जाताना-येताना घासतोय. दोन, डबा व्यवस्थित बसतो पण आतला प्लॅटफॉर्म, म्हणजे ज्यावर राउंड (काडतुसं) बसतात ती पट्टी, मधेच तिरकी होऊन अडकते आणि राउंड वर येत नाहीत. तीन, मॅगझीन चांगलं आहे पण राउंड पुढं जाताना एकमेकात अडकतात. हे तिसरं थ्री नॉट थ्रीत होतंच, कारण या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे, आणि वरच्या राउंडची कड खालच्या राउंडच्या कडेच्या मागं गेली की बोल्ट कितीही ढकला, वरचा खालच्याला घेऊन अडकतो. तो दोष मॅगझीनचा नाही, भरण्याचा आहे, वरच्याची कड कायम खालच्याच्या कडेच्या पुढं पाहिजे. तुमचं प्रकरण पहिलं दिसतंय, डबा घासतोय. दुसरंही थोडं असू शकेल, पुराचा गाळ आत असला तर.

काहीही करायच्या आधी वडिलांना समोर बसवा, लायसन्स त्यांचं आहे. नळी सुरक्षित दिशेला, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो त्या जागेत, डोळ्यानं बघा आणि करंगळी घालून बघा, मॅगझीनमध्ये वरनं बोट दाबून बघा, आणि राउंड दुसऱ्या खोलीत ठेवा. मॅगझीन अडकलेलं आणि आत राउंड असं असेल तर घरी खटपट करू नका, आधी दुकानात फोन करून विचारा की कशी आणायची.

आता मूळ मुद्दा. ही रायफल १९४३ ची, म्हणजे ८० वर्षांच्या वर ते मॅगझीन त्या जागेत बसत होतं. मग आजच का बसेना? लोखंड वाढत नाही. ते वाकतं, गंजतं, झिजतं, पण फुगत नाही. वाढतं ते त्याच्याभोवतीचं, म्हणजे तेलाचा थर, गाळ, रंग, गंजाची पापडी आणि लाकूड. आणि जागा सरकते ती स्क्रूमुळं. त्यामुळं जिथं घासतंय तिथलं लोखंड कमी करणं म्हणजे पायात काटा मोडलाय म्हणून चप्पल कापण्यातला प्रकार आहे. मॅगझीनचा पत्रा मुळातच पातळ, तो एकदा घासला की परत येत नाही, वर काळा थर गेला की पुढच्या पावसाळ्यात तिथंच गंज धरणार, आणि डबा सैल झाला की राउंड चेंबरकडं जाताना खाली-वर होणार. आज अडकतंय, उद्या फीडिंगला त्रास देईल, आणि त्यावर इलाज नवीन मॅगझीन एवढाच उरतो, जे या रायफलीचं आता सहज मिळत नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. या रायफलीचं मॅगझीन काढता येतं, पण आजच्या रायफलींसारखं सारखं काढा-घाला करायला ते केलेलंच नव्हतं. दहा राउंडचं मॅगझीन जागेवरच ठेवायचं आणि वरनं पाच-पाच राउंडच्या चार्जर क्लिपनं भरायचं, अशी पद्धत होती. मॅगझीन काढायचं ते साफसफाईला. म्हणून ते त्या-त्या रायफलीला जुळवून बसवलेलं असतं, आणि एकाचं दुसऱ्याला लागेलच असं नाही. थ्री नॉट थ्रीच्याच नंबर वन आणि नंबर फोर या दोन पॅटर्नची मॅगझीन तर आपसात चालतच नाहीत, आणि इशापूरनं नंतर साठीच्या दशकात ७.६२ बोअरची जी टू-ए रायफल काढली तिचं मॅगझीन चौकोनी असतं, तेही वेगळं. दोनदा जमा करून परत आणली म्हणताय तर सगळ्यात आधी हे बघा की हे मॅगझीन तुमचंच आहे ना. तुमच्या मॅगझीनवर नंबर मारलेला असला तर रायफलीच्या नंबराशी जुळवा, नसला तर घरात जुना फोटो असेल, आजोबांच्या हाताची एखादी ओळखीची खूण असेल. हे पाच मिनिटाचं काम आहे आणि ते आधी न करता मी स्वतः एकदा अख्खा दिवस दुसऱ्याच रायफलीच्या मॅगझीनशी झटलोय.

आता तुमच्या त्या दोन वाक्यांकडं येतो. सकाळी जास्त, दुपारी कमी. आणि खोबरेल. ही दोन्ही एकत्र वाचली की मला तरी लगेच उत्तर दिसतंय. खोबरेल तेल साधारण २४ अंशाच्या खाली गोठतं, थंडीत न्हाणीघरातली बाटली बघा की, पांढरी झालेली असते. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे १५-१६ अंशावर पारा जातो, म्हणजे रायफलीच्या आत मॅगझीन आणि ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीची लोखंडी पट्टी, यांच्या मधल्या बारीक फटीत मेणासारखा थर बसणार, दुपारी तो पातळ होणार. शिवाय इतक्या वर्षांचं खोबरेल म्हणजे त्यात धूळ, पोलीस स्टेशनच्या खोलीत उभी असताना बसलेली धूळ धरून, आणि पुराच्या गाळाचे कण मिसळून त्याची घट्ट पेस्ट झालेली असते. आजोबांना दोष देत नाही मी. त्या काळात खेड्यात गन ऑईल कुठलं, हाताशी जे चांगलं तेल होतं ते त्यांनी प्रेमानं लावलं, आणि नियमित लावलं म्हणूनच ही रायफल आज तुमच्या हातात गंजाशिवाय आहे. पण आता ते बंद करा.

दुसरं तेल म्हणजे जवसाचं. लाकडाला कच्चं जवसाचं तेल लावायची पद्धत फौजेतलीच आहे आणि ती बरोबर आहे, लाकूड त्यानं टिकतं. फक्त जवसाचं तेल हवेत वाळून कडक होतं, वार्निशसारखं, आणि लाकडाला चोपडताना ते मॅगझीनच्या खोबणीत ओघळलं की तिथं पिवळट चिवट थर धरतो जो नुसत्या चिंधीनं निघत नाही. रॉकेलनं मऊ करायचा, जुन्या टूथब्रशनं घासायचा, परत रॉकेल, परत ब्रश, घाई केली तर अर्धवट राहतो. रॉकेल लोखंडावरच लावा, लाकडाला लागू देऊ नका, लागलं तर लगेच पुसा.

साफ करायची पद्धत सांगतो. मॅगझीन काढायला ट्रिगरच्या पुढं गार्डच्या आत जी छोटी पट्टी आहे ती नीट पूर्ण दाबा, अर्धी दाबून ओढलं तरी अडकल्यासारखंच वाटतं. काढल्यावर प्लॅटफॉर्मची मागची रुंद बाजू आत खोल दाबायची, पुढचं निमुळतं टोक पुढच्या ओठांतनं सुटून वर येतं, मग स्प्रिंगसकट हलक्या हातानं बाहेर. जोर लावायचा नाही, ओठ म्हणजे राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या वळलेल्या कडा, त्यांना पक्कड अजिबात लावायची नाही. आतली स्प्रिंग नागमोडी पट्टीची असते, तिच्या प्रत्येक घडीत गाळ बसतो. पुरात भिजलेली एक रायफल आमच्याकडं आली होती, मालकानं वरनं इतकी सुंदर पुसलेली की चकाकत होती, आणि मॅगझीन उपडं करून पेपरवर आपटलं तर चिमूटभर वाळलेली काळी माती पडली, पंचगंगेचा गाळ, हातावर घेतला तर अगदी मऊ पिठासारखा. तो गाळ ओल धरून ठेवतो आणि आतनं पत्रा खातो. तेव्हा तुमचंही पेपरवर उपडं करून बघा काय पडतंय ते. गंजाची पापडी दिसली तर पॉलिश पेपर मारू नका, गन ऑईल लावून एक रात्र ठेवा आणि पितळी ब्रशनं हलकं घ्या.

सगळं कोरडं झाल्यावर गन ऑईलचा अगदी पातळ हात द्यायचा, बोटाला जेमतेम चिकट लागेल एवढाच. बटच्या बुडाला पितळी झाकण आहे, त्याच्या आत पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) आणि तेलाची छोटी बाटली ठेवायची जागा असते, तुमच्यात अजून ती असेल तर बघा, पण आतलं जुनं तेल वापरू नका.

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथंच मिटतात. पण समजा सगळं साफ करूनही घासतंय, तर कुठं घासतंय ते शोधायचं, अंदाजानं ठरवायचं नाही.

मी नवीन होतो तेव्हा उस्तादनं मला एक असंच मॅगझीन दिलं, दुरुस्त कर म्हणाले. मी सरळ टूल बॉक्समधनं कानस काढली. त्यांनी काही न बोलता ती माझ्या हातातनं घेतली आणि फळ्यावर लिहायचा पांढरा खडू हातात ठेवला. मॅगझीनच्या चारी बाजूला खडू घासायला लावला, फुंकर मारायला लावली म्हणजे जाडी उरत नाही, मग सावकाश आत घाल आणि सावकाश काढ म्हणाले. बाहेर काढलं तर मागच्या कोपऱ्याजवळ करंगळीच्या नखाएवढ्या जागेतला खडू पुसलेला, बाकी सगळा तसाच. मी जी बाजू घासायला निघालो होतो ती कुठं लागतच नव्हती. उद्यमनगरातल्या चांगल्या फिटरला हे समजावून सांगावं लागत नाही, ते ब्लू, म्हणजे निळा रंग, लावून दोन पार्ट असेच मॅच करतात. काळ्या मॅगझीनवर खडू स्वच्छ दिसतो, हे घरी करायला काहीच हरकत नाही.

पुसलेली जागा कुठं आहे त्यावर पुढचं ठरतं. पसरट दोन्ही बाजूला पुसलं गेलं आणि तिथं जाड काळा रंग दिसला, तर रंगच कारण आहे, या रायफलींना सर्व्हिसमध्ये नंतर काळा रंग मारलेला बऱ्याचदा दिसतो, आणि कुणी घरी ब्रशनं परत मारला असेल तर दोन थर होतात. तेवढा रंग उतरवला की मोकळं. एकाच ठिकाणी पुसलं गेलं आणि तिथं पत्रा फुगलाय असं बोटाला लागलं तर कधीतरी पडून पोचा आलाय, आतनं पोचा म्हणजे बाहेर कडेला फुगवटा. तो आत मापाचा लाकडी ठोकळा घालून बाहेरनं हलका बसवायचा असतो. हे दुकानातलं काम, कारण ओठ हलले तर सगळंच बिघडतं. माझ्याकडनं सुरुवातीच्या वर्षात एका मॅगझीनचा ओठ पकडीनं वाकवताना तडकला होता, टेंपर केलेलं स्टील आहे ते, तो कड असा आवाज अजून लक्षात आहे माझ्या.

पुसलेली जागा लाकडाच्या बाजूला आली तर लाकूड फुगलंय. हे आपल्या पट्ट्यात फार. गगनबावड्याकडचे एक शेतकरी दर पावसाळ्यात यायचे की मॅगझीन अडकतंय आणि दिवाळीनंतर आपोआप सुटतंय, त्यांची .३१५ होती, तीही ली-एन्फिल्डच्याच ॲक्शनवरची, फक्त मॅगझीन पाच राउंडचं. त्यांना लाकूड तासून पाहिजे होतं. मी तासलं नाही. रायफल पेटीतनं काढून सावलीत, वारं लागेल अशा कुलूपबंद खोलीत तीन आठवडे ठेवायला सांगितली, उन्हात नाही आणि चुलीजवळ तर नाहीच, मग जवसाचं तेल चिंधीनं चोळून मुरवलं, फक्त खोबणीच्या आत जाऊ न देता. त्यानंतर तक्रार नाही. पावसाळ्यात लाकूड तासलं असतं तर उन्हाळ्यात ते आकसून तिथं फट पडली असती. तुमची पेटी पुरात ओली झालेली, ती पेटी अजून तीच वापरत असाल तर आतलं कापड आधी काढून टाका, ओल तिथंच असते.

आणि राहिला स्क्रू, ज्याच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. ट्रिगर गार्डच्या पुढच्या टोकाला एक मोठा स्क्रू आहे, मॅगझीनच्या पुढं. त्याच्याबरोबर आत एक छोटी कॉलर असते, नळीच्या तुकड्यासारखी, जेणेकरून स्क्रू कितीही आवळला तरी गार्ड ठराविक अंतरापेक्षा वर येऊ नये. ती कॉलर हरवलेली असली, किंवा लाकूड दबलेलं असलं, आणि कुणीतरी ताकदीनं स्क्रू आवळला, तर गार्ड लाकडात रुततो आणि मॅगझीनची जागा चिमटल्यासारखी होते. ओळखायचं असं, की दुकानात तो स्क्रू पाव फेरा सैल करून मॅगझीन घालून बघायचं, सरसर गेलं तर चोर सापडला. मग कॉलर बघायची. हे मी घरी करा म्हणत नाही, कारण त्या स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हर नसेल तर खाच खराब होते. तुमच्या बाबतीत एक विचारायचंय, पुरानंतर किंवा जमा करायच्या आधी कुणी रायफल खोलून साफ केली होती का? केली असेल तर माझा संशय खोबरेलच्या खालोखाल या स्क्रूवर आहे.

अजून एक शक्यता मॅगझीन कॅचची, म्हणजे मॅगझीन काढताना दाबतो त्या पट्टीची. कॅचला आणि ट्रिगरच्या सिअरला (ट्रिगर दाबेपर्यंत बोल्टचा घोडा अडवून धरणारा भाग) दोन्हीला मिळून एकच स्प्रिंग आहे. कॅच चिकटत असेल म्हणून कुणी ती स्प्रिंग वाकवली किंवा कापली तर परिणाम ट्रिगरवर होतो, आणि ते धोक्याचं आहे. कॅच जड वाटली तर तिथं रॉकेलचा एक थेंब आणि ब्रश एवढंच, त्यापुढं हात लावू नका.

आता त्या लेथवाल्याबद्दल. माणूस कारागीर असेल, मला शंका नाही, आपल्या उद्यमनगरात काय बनत नाही. पण शस्त्राच्या दुरुस्तीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळं लायसन्स लागतं, आणि कायद्यात शस्त्र म्हणजे त्याचे सुटे भागही आले. नुसतं मॅगझीन पिशवीत घालून नेलं तरी तुम्ही वडिलांना आणि त्या कारागिराला दोघांनाही अडचणीत आणणार. थ्री नॉट थ्री तर प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे साध्या लायसन्सवर न मिळणारी, तिचा कारभार दिल्लीच्या गृहखात्यापर्यंत जातो, असलं जुनं लायसन्स एकदा गेलं की परत मिळणं फार अवघड. रिपेअरिंगचं लायसन्स असलेल्या दुकानातच न्या, वडील स्वतः, लायसन्स बरोबर घेऊन, आणि दुकानदाराकडनं रायफल ठेवल्याची पावती घ्या.

तर आधी मॅगझीन तुमचंच आहे का ते, मग रॉकेल आणि ब्रश, मग खडू. या तीन गोष्टी घरी होण्यासारख्या आहेत, खर्च शंभर रुपयेसुद्धा नाही. साफ केल्यावर दोन दिवस थांबा आणि एकदा पहाटे सहाला, एकदा दुपारी दोनला मॅगझीन घालून-काढून बघा. दोन्ही वेळेला सारखं गेलं तर ते खोबरेलच होतं. फरक राहिला नाही पण घासणं राहिलं, तर खडू कुठं पुसला गेला ते कळवा, डावी का उजवी, पुढं का मागं, आणि पुढच्या स्क्रूच्या खाचेवर ताजे ओरखडे आहेत का तेही बघून सांगा.